गावं माझी, माणसं तुझी

अमरावती
९ जानेवारी २०२५

सौ. शालूस,
जय भीम.

फोन केला तं ‘भांडण कागदावर’ एवढं म्हणून ठेवून देतेस. बरं बाप्पा, कागदावर तं कागदावर. नियम आपला दोघायचाच आहे. परक्या देशात एका खोलीत आठ पलंग, मधात नुसता पडदा, अन् वऱ्हाडी माणसाले हळू भांडता येते काय? व्हिएतनाममधल्या त्या खोलीत आपण वांग्याच्या भाजीवरून भांडलो तं समोरच्या पलंगावरची जर्मन पोरगी रडाले लागली होती. तिले वाटलं मी तुह्या जिवावरच उठलो. तवापासून कागद आला. लिहायचं, दुसऱ्याच्या उशीखाली ठेवायचं, अन् सकाळी उत्तर घ्यायचं. अडीच वर्षं जग हिंडलो, पण भांडणापायी एकाही घरमालकानं आपल्याले हाकललं नाही.

आता तुही उशी अकोल्यात. म्हणून हे पत्र सकाळच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देऊन राहिलो. रिटायर झालो तरी डेपोतले पोट्टे अजून ‘कंट्रोलर साहेब’ म्हणून उठून उभे राहतात. संध्याचं घर अकोल्याच्या स्टँडमागंच आहे. तिले फोनवर सांगितलं, बहिणीसाठी एवढं कर, गाडीवर येऊन घेऊन जा.

आता मले सांग, मी असं काय मोठं पाप केलं? रविवारच्या भाषणात मी म्हटलं की पोर्तुगालात एका पाववाल्या बाईनं आमाले फुकट पाव खाऊ घातला. तू पहिल्या रांगेतून उठून उभी राहिलीस, अन् भर सभेत म्हणतेस, ‘पोर्तुगाल नाही, जॉर्जिया!’ मग मी बी बोललो, ‘बाईसाहेबायले डेपोतून आपलं घर सापडत नाही, अन् त्या मले जॉर्जिया शिकवून राहिल्या.’ लोक हसले. लोकायचं काय, त्यायले हसाले कारण पाहिजे. एवढ्याशा हसण्यावरून तू दुसऱ्या दिवशी बॅग उचलून बहिणीच्या घरी?

मुद्द्याचं बोलतो. माह्या डेपोतल्या दोस्तानं, देवमननं, दोन फेब्रुवारीले, रविवारी, आपल्या एसटीच्या रिटायर लोकायचा मेळावा ठेवला आहे. त्यात आपला दोघायचा सत्कार. ‘जगप्रवासी दाम्पत्य’ म्हणून बॅनर बी छापून झाला. सगळे जुने ड्रायवर, कंडक्टर, टाइमकीपर येणार. स्टेजवर दोन खुर्च्या आहेत. तुह्याशिवाय मी त्या स्टेजवर चढणार नाही, हे पक्कं समज.

कोणत्या गाडीनं येतेस ते कळव. डेपोत घ्याले येतो, नाही तं पुन्हा गाडगेनगराच्या जागी कुठल्या कुठं जाशीन.

तुहा
नागसेन


अकोला
१३ जानेवारी २०२५

श्री. नागसेन वानखडे यांस,
जय भीम.

पत्र मिळालं. ‘एवढ्याशा हसण्यावरून’ म्हणता? उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. हसले ते लोक, हे मला चालतं. पण तुम्ही त्यांना हसवलंत, आणि तेही मी खरं बोलत असताना.

निघताना आपण काय ठरवलं होतं, ते आठवून पाहा. कोलंबोच्या विमानतळावर बाकावर बसून तुम्ही म्हणालात, ‘शालू, दोघांनी सगळंच लक्षात ठेवायचं म्हणजे एकच पिशवी दोघांनी उचलल्यासारखं आहे. तू माणसं ठेव, मी गावं ठेवतो.’ वाटणी बरोबर होती. तुम्ही आयुष्यभर डेपोच्या माइकवर गावांची नावं घेतलेला माणूस. मी धारणीच्या शाळेत कोरकू लेकरांची भाषा येत नसताना त्यांच्या तोंडाकडे पाहून पाहून शिकवणारी मास्तरीण. म्हणून मी रस्ते पाहिलेच नाहीत. देश तेवढा लक्षात, पण गाव कोणतं, वळायचं कुठे, स्टेशन कोणत्या बाजूला, काही नाही. अडीच वर्षं तुमची पाठ पाहत चालले आणि वाटेत भेटणारं माणूस तेवढं मनात ठेवत गेले. त्यांची नावं, त्यांचे आवाज, कोण कशावर हसलं, कोणी काय खायला घातलं, सगळं आहे माझ्याजवळ.

मग माझ्या माणसांना तुम्ही कुठेही नेऊन का सोडून देता? तुमची फुकट दाढी करणारा तो म्हातारा न्हावी व्हिएतनामचा, दिवाळीत तुम्ही त्याला श्रीलंकेत बसवला. बर्फात आपल्याला घरी नेणारा मास्तर तुर्कस्तानचा, त्याला तुम्ही लाओसमध्ये नेला. लाओसात बर्फ पडतो का हो? तेव्हा मी गप्प बसले. पण ती पाववाली, एतेरी? ती ‘मादलोबा, मादलोबा’ म्हणायची. त्या लोकांत धन्यवाद असं म्हणतात. पावाला ते पुरी म्हणतात, त्यावर आपण किती हसलो होतो! ती भट्टीत अर्धी वाकून भिंतीला पाव चिकटवायची, तेव्हा मला भीती वाटायची की ही आता आत पडते. पोर्तुगालात कोणती बाई असं करते?

तो दिवस तर माझा स्वतःचा आहे, म्हणून कुताइसी हे एक गाव मला पाठ आहे. तुम्ही सकाळी पाव आणायला गेलात ते उन्हं कलल्यावर आलात. एतेरी तुमचा हात धरून दारात आली. तुमचा हात तिने माझ्या हातात दिला, वर स्वतःचा पिठाने भरलेला हात ठेवला, आणि तिच्या भाषेत कितीतरी वेळ काहीबाही बोलली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मला वाटलं, म्हातारीने आपलं लग्न पुन्हा एकदा लावलं. अख्ख्या प्रवासातली हीच एक गोष्ट मी कोणाला सांगितली नाही, कारण सांगताना मला रडू येईल हे मला माहीत होतं. आणि तुम्ही तिची फुकटच्या पावाची गंमत केलीत!

दुसरं. त्यानंतर तिसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, ‘चल शालू, घरी जाऊ.’ कारण सांगितलं नाही. मला तर अजून पुढे जायचं होतं. तरी बरं म्हटलं. पण इथे आल्यापासून प्रत्येक सभेत एकच टेप, ‘काय करता, बाईसाहेबांना घरची ओढ लागली!’ टाळ्या, हशा. संध्यासुद्धा परवा म्हणाली, ‘ताई, तुझ्यापायी भाऊजींचं अर्धं जग पाहायचं राहिलं.’ पाच वर्षं मी हे ऐकून घेतेय.

आपल्याला लेकरू नाही. आपल्यामागे राहणार आहे ते एवढंच, आपण दोघं हिंडलो ते. तेही खोटं करून टाकलं तर आपल्याजवळ राहिलं काय?

म्हणून माझ्या दोन अटी. स्टेजवरून सांगायचं की एतेरी जॉर्जियातल्या कुताइसी गावची, आणि सांगायचं की घरी यायचं तुम्हाला होतं, मला नव्हतं. कबूल असेल तर येते. नसेल तर दुसऱ्या खुर्चीवर तुमचा तो देवमन बसवा.

शालिनी


अमरावती
१६ जानेवारी २०२५

शालू,
जय भीम.

शालिनी म्हणून सही केलीस! शाळेचा दाखलाच आला असं वाटलं मले.

हाव, मी फेकतो. झालं समाधान? पोर्तुगाल म्हटलं की पब्लिकच्या डोळ्यापुढं समुद्र येते. कुताइसी म्हटलं की लोक कान खाजवतात. बोलणाऱ्याची बोरं विकतात, न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत. थोडं तिकडचं इकडं केलं तं कोणत्या सरकारचं नुकसान झालं? मी खोटारडा आहे, जा. लग्नाच्या वेळी बी तुह्या बाबाले मी सांगितलं होतं की मले पोहता येते.

पण तुह्या अटी मी मान्य करत नाही. दोन्ही नाही. बाकी काहीही माग. स्टेजवर कान पकडायले लाव, पकडतो. हे दोन सोडून.

काहून ते विचारू नको.

एक काम मात्र कर. तुही माणसं एका कागदावर लिहून पाठव. न्हावी, मास्तर, ती केळीवाली, सगळे. अन् कोण कोणत्या गावचा, ते बी बाजूले लिहून दे. मले माहीतच आहे, पण तुह्या हातचं असलं की पुन्हा भांडण नको. मोठ्या अक्षरात लिही, स्टेजवर लाइट कमी असते.

घरचं बरं आहे. भाकर देवमनची सून आणून देते. देवमन रोज संध्याकाळी येते अन् मले फिराले घेऊन जाते. मी म्हणतो, बाबा, मी जग हिंडलो, मले गल्लीत काय सोबत लागते? तं तो ऐकत नाही. सावलीसारखा मागं असते. पीडाच लागली म्हण ना.

अन् हे पाह्य. तू येणारच आहेस हे धरून सांगून राहिलो. खिडकीजवळची जागा घे, डाव्या बाजूची, उन्ह लागत नाही. गाडीत झोपू नको. अकोला सुटलं की मूर्तिजापूर येते, तिथं गाडी थांबते, चहा घेऊन घे. मग बोरगाव मंजू. मग बडनेरा आलं की बॅग काढून तयार राह्य. पुढचं मी पाहतो. डेपोच्या गेटाजवळ लाल मफलर घालून उभा राहीन.

तुहा
नागसेन


अकोला
२४ जानेवारी २०२५

अहो,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी माझ्या रागाला सीमा नव्हती. ‘हाव, मी फेकतो’ म्हणता, वर माझ्या बाबांची थट्टा! तीन पानी उत्तर लिहिलं. संध्या म्हणाली, ‘ताई, हे पाठवलंस तर भाऊजी घर सोडतील.’ म्हटलं, सोडू देत. मग फाडलं, दुसरं लिहिलं, तेही फाडलं.

काल सोलेवांग्याची भाजी गॅसवर ठेवली होती आणि तुमचं पत्र पुन्हा हातात घेतलं, आणखी चार शिव्या सुचतात का पाहायला. शेवटचं पान वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग गॅस बंद केला आणि तिथेच ओट्याजवळ खाली बसले.

तुम्ही लिहिलंत, अकोला सुटलं की मूर्तिजापूर, मग बोरगाव मंजू.

बोरगाव आधी येतं हो. अकोल्याहून निघालं की आधी बोरगाव, मग मूर्तिजापूर, मग बडनेरा. हे मला माहीत आहे! जिला तुमच्या म्हणण्याप्रमाणे डेपोतून घर सापडत नाही, तिलासुद्धा हे माहीत आहे, कारण लग्न करून आपण याच रस्त्याने आलो. तुम्ही तर हे माइकवर रोज म्हणत होतात. झोपेत म्हणत होतात. ‘बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू मार्गे अकोला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागली आहे.’ लग्नानंतर महिनाभर मला वाटायचं की मी घरात नाही, स्टँडवरच झोपले आहे. आणि मूर्तिजापूर तर तुमचं स्वतःचं गाव. स्वतःचं गाव माणूस इकडचं तिकडं करतं का?

पोर्तुगालचं खोटं सांगून टाळ्या मिळतात, हे मी समजू शकते. बोरगाव मागंपुढं करून कोणाले काय मिळते?

मग एकेक आठवत गेलं. न्हावी, मास्तर. गावं तुमच्याकडे असताना मला गावं लिहून मागता. देवमनभाऊ रोज तुमच्या मागे का फिरतात? तुम्ही ‘काहून ते विचारू नको’ म्हणता.

मले खरं सांगा. तुमी खोटं बोलून राहिले की तुमाले आठवत नाही?

फोन करणार नाही. फोनवर तुम्ही हसून वेळ मारून न्याल आणि मी पण ती मारू देईन. कागदावरच सांगा. खोटं बोलत असाल तर मी भांडेन, आयुष्यभर भांडेन, मला त्याची सवय आहे. देव मी मानत नाही, नाही तर आज नवस केला असता की माझा नवरा खोटारडाच निघू दे.

शालू


अमरावती
३० जानेवारी २०२५

शालू,

खोटारडा म्हण. लबाड म्हण. पण ते दुसरं म्हणू नको, एवढंच मी इतके दिवस पाहून राहिलो होतो. खोट्या माणसाले लोक शिव्या देतात, पण त्याच्याशी बोलतात. विसरणाऱ्याशी कोणी बोलत नाही, त्याच्याबद्दल बोलतात. त्याच्या समोरच बोलतात.

तू माह्या बाबाले पाहिलं आहेस. किसनराव वानखडे, अख्ख्या मूर्तिजापुरात त्यायच्या शब्दाले मान. अन् शेवटी शेवटी ठेसनावर जाऊन बाकावर बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याले विचारायचे, ‘भाऊ, हे कोणतं गाव?’ पोट्टे त्यायले मुद्दाम नागपूर सांगत, मुंबई सांगत. बाबा हाव म्हणत. मी त्यायले हाताले धरून घरी आणत होतो, अन् मले त्यायची दया येत नव्हती शालू, लाज येत होती. ती लाज आता माह्या वाट्याले आली.

तुले आता सगळं सांगतो. कुताइसीत त्या दिवशी मी पाव घेतला अन् घराकडं वळलो, तं गल्ली नवी. म्हटलं, चुकलो असन एखादं वळण. दुसरी घेतली, तिसरी घेतली. सगळ्या सारख्या. तेच द्राक्षाचे मांडव, तीच लोखंडी फाटकं. तुहं नाव आठवे, तुहं तोंड आठवे, पण घर काही केल्या आठवेना. मग मी गावाच्या स्टँडवर गेलो. कोणत्याही देशात गेलं तरी स्टँड म्हणजे आपलं ऑफिस, तिथं माणूस हरवत नाही, असं वाटलं. बाकावर बसलो. गाड्या सुटत होत्या, ड्रायवर गावायची नावं घेऊन वरडत होते. जिंदगीभर जे काम म्या केलं तेच काम. अन् त्यातलं एक बी नाव मले कशाशी लावता येईना. हातातला पाव थंड होऊन गेला. मी बाबासारखा बसून होतो, शालू.

एतेरी तिथं पिठाचं पोतं घ्याले आली होती. तिनं मले पाहिलं. पोतं तिथंच टाकलं अन् मले हाताले धरलं.

तिनं आपलं लग्न लावलं नाही. तिनं हरवलेलं माणूस घरी पोचवलं अन् तुले तिच्या भाषेत सांगितलं की ह्याले सांभाळ, ह्याले एकट्यानं सोडू नको. तिच्या घरातलं कोणी असं होतं की काय, मले माहीत नाही. तू हसलीस अन् माह्याकडं असं पाहिलंस, जसं नवी नवरी पाहते. मी काय सांगणार होतो तुले? मी बी हसलो. तुही ती गोष्ट आज मी मोडून राहिलो. त्याचं मले सगळ्यात जास्त वाईट वाटते, बाकी कशाचंच एवढं नाही.

पोर्तुगालचं मात्र जाणून बोललो. त्या गावाचं नाव माइकवर माह्या तोंडातून निघत नाही. न्हाव्याचं अन् मास्तराचं म्हणशीन, तं ते मी खरं समजूनच सांगितलं होतं. तू म्हणतेस तवा समजते की चुकलं. बोरगावचं बी तसंच. तुहं पत्र वाचलं अन् देवमनले विचारलं, ‘अकोल्याहून आधी काय येते?’ तो उठून पाणी प्याले गेला. त्याले दिवाळीपासून माहीत आहे. मी आपल्याच गावच्या राजकमल चौकात घराचा रस्ता विसरून उभा राहिलेला त्याले सापडलो होतो.

घरची ओढ मलेच लागली होती. मले अशा गावाले यायचं होतं, जिथं मी हरवलो तरी कोणी बी म्हणीन, ‘अरे, हे तं आपले कंट्रोलर साहेब, यायले घरी सोडून द्या.’ ते स्टेजवर कसं सांगू? म्हणून तुह्या नावावर टाकलं. तू काही बोलली नाहीस, तं मले वाटलं तुले चालते.

अन् खुर्च्या दोन काहून, ते बी सांगतो. पब्लिकसमोर अडलो तं बाजूले बसून तू हळूच सांगशीन, एवढी आस होती. एसटीतले सगळे लोक समोर असणार. ज्यायच्यासमोर मी अख्ख्या विदर्भाची गावं पाठ म्हटली, त्यायच्यासमोर जर मी अडकलो, तं मले त्या दिवसानंतर डेपोत जाता येणार नाही. पण आता पाह्यलं तं तुह्याजवळ बी सगळी गावं नाहीत. मीच तुले ठेवू दिली नाहीत.

मेळाव्याचं देवमनले नाही म्हणून सांगतो. तब्येत बरी नाही म्हणीन. खोटं बोलण्यात मी पक्का आहे, तुले माहीतच आहे.

हे पत्र लिहाले चार दिवस लागले. देवमनले एकदा वाचून दाखवलं. तो म्हणे, सगळं बरोबर आहे.

नागसेन


अकोला
१ फेब्रुवारी २०२५

अहो,
जय भीम.

काल पत्र वाचून खूप रडले. मग तुमचा राग आला, तुम्हाला वाटतो त्या गोष्टीचा नाही. पाच वर्षं एकट्याने हे घेऊन बसलात आणि मी शेजारच्या पलंगावर. मला मेलीला सांगायचं होतं हो. चिठ्ठी लिहून उशीखाली ठेवायची होती, नियम होता ना आपला!

देवमनभाऊंना आताच फोन करून सांगितलं आहे, कार्यक्रम रद्द करायचा नाही. ऐकून त्यांनी फोन सूनबाईच्या हातात दिला.

उद्या आपण दोघं दोन खुर्च्यांवर बसायचं. तुम्ही बोलायचं, तुम्हाला जसं बोलता येतं तसं, लोकांना हसवत. एतेरी पोर्तुगालचीच. आणि घरची ओढ मलाच लागली होती. हे तुम्ही सांगायचं नाही, या वेळी मी माइक घेऊन सांगते. संध्या पुन्हा टोमणे मारेल, मारू दे. माझ्या अटी मी मागे घेतल्या.

गावं आता मी घेते. संध्याच्या नातवाचा शाळेचा ॲटलास मागून घेतला आणि काल दुपारभर माझी एकेक माणसं त्यावर बसवली. नाव आठवलं नाही तिथे भाषेवरून शोधलं, भाकरीवरून शोधलं, थंडी होती की ऊन होतं त्यावरून शोधलं. न्हावी व्हिएतनाममधल्या हुए गावचा. मास्तर तुर्कस्तानातल्या कार्सचा. केळीवालीचं गाव काही सापडत नाही, तिचा फक्त आवाज आहे माझ्याजवळ. काही चुकलंही असेल. तुम्ही अडलात तर माझ्या हाताला हात लावा, मी सांगेन. मी चुकीचं सांगितलं तर तेच खरं म्हणून पुढे बोला. आपण दोघं सोडून तिथे कोण गेलं होतं?

एतेरीचं लिहिलंत ते वाचून मला आधी फार लागलं. ती एवढं जीव तोडून सांगत होती आणि मी हसत होते. पण तिचा हात पिठाने भरलेला होता आणि तुमचा हात तिने माझ्याच हातात दिला होता, एवढं तरी बरोबर आहे ना? तेवढं मी ठेवते. उरलेलं तुम्ही म्हणता तसं.

सोमवारी डॉक्टरकडे जायचं आहे. यावर भांडण नाही, कागदावरसुद्धा नाही. डॉक्टर काय म्हणतील याची मला भीती वाटते आहे आणि ती तुम्हाला सांगून ठेवते, म्हणजे तुम्ही तुमची लपवणार नाही.

हे पत्र पहिल्या गाडीच्या कंडक्टरजवळ देते आहे. तो घरी आणून देईल, त्याला तसं सांगितलं आहे. तुम्ही आणायला जाऊ नका. मी दुपारच्या गाडीने निघते. डावीकडची खिडकी घेते. बोरगाव मंजू, मूर्तिजापूर, बडनेरा असं म्हणत म्हणत येईन, झोपणार नाही.

डेपोत घ्याले येऊ नका. लाल मफलर घालून घरीच बसा. मले रस्ता माहीत आहे.

तुमची
शालू